परत म्हणा

आई गुरुवारी सकाळी गेली. ती स्वयंपाकघरात होती. आबा, माझे वडील, घराबाहेरच्या ओट्यावर होते. मी जळगावला होते.

धुळ्याहून शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. हातात तीन पुस्तकं होती. ती कोणत्या खणात ठेवली, ते नंतर कधी आठवलं नाही.

बसमध्ये एरंडोलपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले. एरंडोल मागे पडलं आणि ध्यानात आलं की आबांना हे मलाच सांगावं लागणार. मी वाक्य जुळवू लागले. पहिलं फार लांब झालं. दुसरंही लांब झालं. शेवटी आमच्या घरच्या बोलीतले दोन शब्द उरले: माय गयी. ते मी मनात म्हणत राहिले. ओठ हलत असावेत, कारण शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बरं आहे, धुळ्याला चाललेय. एवढं बोलले आणि ते दोन शब्द मनातून गेले. आई गेल्याचं मी विसरले असं नाही, ते विसरण्यासारखं नव्हतंच. पण जे म्हणत होते ते थांबलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. पारोळा, मग धुळे. तोवर मी दुसरं काही केलं नाही.

दोनच शब्द का, हे सांगायचं तर आबांच्या नोकरीपासून सांगावं लागेल.

आबा धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा नंबर फिरवून फोन लागत नसे. फोन उचलला की ऑपरेटर बोलायचा, त्याला हवा तो नंबर सांगायचा आणि तो समोरच्या बोर्डावर दोरीचा प्लग योग्य त्या भोकात खुपसून जोडणी करून द्यायचा. लहानपणी मी एकदा त्यांचा डबा घेऊन तिथे गेले होते. कानाला हेडफोन लावलेली माणसं रांगेने बसली होती आणि सगळी एकच काम करत होती. ऐकलेला नंबर परत म्हणत होती. आबा मला म्हणाले होते की नंबर कानावर पडला म्हणजे पोचला असं नाही. तो आपल्या तोंडून परत निघाला आणि पलीकडचा "हो" म्हणाला, म्हणजे पोचला. त्याशिवाय जोडायचं नाही.

परत म्हटल्यापासून प्लग बसेपर्यंतच्या दोन-चार क्षणांत नंबर कुठेही लिहिलेला नसे. तो ओठांवर असायचा. त्या वेळात कोणी काही विचारलं आणि आबांनी नुसतं "हं" म्हटलं, तरी नंबर जायचा. म्हणून तिथला चहावाला चहा हवा का असं कधी विचारत नसे. पेला ठेवून निघून जायचा. आबा सांगायचे की आकडे एका सुरात म्हटले की टिकतात, तुटक म्हटले की गळतात. आणि सारख्या आवाजाचे आकडे शेजारी आले की एकमेकांत मिसळतात, तेव्हा सावध राहायचं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

पुढे बोर्ड गेले, यंत्रं आली, आबा दुसऱ्या टेबलावर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण घरातली पद्धत गेली नाही. शेजारी निरोप घेऊन पाठवताना ते मला उंबऱ्यावर थांबवायचे आणि म्हणायचे, "परत म्हण." मी सगळं म्हणून दाखवलं की मगच चप्पल घालायची. निरोप घेऊन जाणाऱ्याला वाटेत कोणी हाक मारायची नाही, असाही नियम होता. आईला याचं हसू यायचं. ती भाजी आणायला निघाली की आबा तिलाही विचारायचे, काय काय आणणार, परत म्हण. ती पिशवी झटकत म्हणायची, "हाई घर शे का एक्स्चेंज?" हे घर आहे की एक्स्चेंज, आणि एकही जिन्नस म्हणून न दाखवता निघून जायची. सगळं आणायची. एखादी वस्तू राहिलीच, तर ती मिळाली नाही असं सांगायची. ते खरं होतं की नाही, आबांना कधी कळलं नाही.

ती सवय मला लागली. आजही पुस्तकाचा क्रमांक संगणकावर पाहिला की कपाटापर्यंत तो पुटपुटत जाते. वाटेत एखाद्या विद्यार्थ्याने ग्रंथालय किती वाजता बंद होतं असं विचारलं, तर उत्तर देऊन मुकाट्याने संगणकाकडे परत येते. वाचनाची आवड असल्याने पुढे या विषयावरही थोडं वाचलं. ऐकलेले शब्द मनात क्षणभरच थांबतात आणि मग पुसट होऊ लागतात. पुसट व्हायच्या आत आपण ते मनातल्या मनात पुन्हा म्हणतो, की ते पुन्हा ताजे होतात. एका दमात जेवढं म्हणता येईल, साधारण तेवढंच असं धरून ठेवता येतं. वाचताना मला नवल वाटलं नाही. आमच्या उंबऱ्यावर हेच चालायचं.

आई गेली त्याच्या तीन वर्षं आधी आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात कमजोर झाला. वाचा गेली आणि चार महिन्यांत हळूहळू परत आली, पण तुटक. तरी खरं नुकसान वेगळंच होतं. ते कळलं जळगावला, स्पीच थेरपीच्या बाईंकडे. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. त्या म्हणाल्या, मी आकडे म्हणते, तुम्ही तसेच परत म्हणा. आबा खुर्चीत ताठ बसले. हे त्यांचं काम होतं.

दोन आकडे त्यांनी म्हटले. तीन म्हटल्यावर पहिला गेला. बाईंनी पुन्हा तीन म्हटले, या वेळी शेवटचा एकच उरला. आबांनी डावा हात कानामागे नेला. हेडफोन नीट बसवताना नेत असत, तसाच. मग तो खाली ठेवला आणि भिंतीकडे पाहत राहिले. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी उठले नाही.

नंतर बाईंनी वाक्यं घेतली. त्या म्हणाल्या, मुलगा विहिरीवर पाणी आणायला गेला. आबा म्हणाले, "पोऱ्या... पानी." त्यांनी म्हटलं, बाजारात आज गर्दी आहे. आबा बराच वेळ थांबून म्हणाले, "लोक... लई." शब्द दुसरेच होते. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला बाहेर नेऊन समजावलं. कान ठीक आहेत. बुद्धी ठीक आहे. ऐकलेले शब्द क्षणभर जिथे थांबतात आणि मनात परत म्हटले जातात, तेवढी जागा बिघडली आहे. शब्द तिथून सांडतात, अर्थ मात्र पुढे गेलेला असतो. तेव्हा थोडं थोडं बोला आणि थांबा. मी हे सगळं डायरीत उतरवून घेतलं. वाक्य न् वाक्य त्यांना म्हणून दाखवलं आणि त्या "हो" म्हणाल्या. मला ते पाठ झालं होतं. कळलेलं नव्हतं.

आईने मात्र डायरी वगैरे काही केलं नाही. ती त्यांच्याशी दोन शब्द बोलायची आणि हातातलं काम करू लागायची. "भाकर झायी." मग ताट मांडायचं. "पानी उनं," म्हणजे नळाला पाणी आलं. मग बादली. त्यांच्या उत्तराची ती वाट पाहत नसे आणि ते दिलंच तर दुरुस्त करत नसे. रविवारी धुळ्याला गेले की मी तिच्यावर रागवायचे. रोज सराव घ्यायला सांगितलाय, तू त्यांना काहीच परत म्हणायला लावत नाहीस. तिने एकदाच उत्तर दिलं. "त्यासले समजस. म्हनाले काबर लावू?" त्यांना समजतं, मग म्हणायला का लावू. मी तेव्हा तिला म्हटलं की तुला यातलं कळत नाही.

त्या गुरुवारी मी घरी पोचले तेव्हा आईला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. आबा ओट्यावरच होते. माझ्या आधी काका आले होते, आबांचे धाकटे भाऊ. त्यांनी मला दारातच बाजूला घेतलं. म्हणाले, मी भाऊला सांगितलं, वहिनी गयी म्हणून. तर भाऊ म्हणतो, गॅस बंद कर. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊले समजनं नही," ते म्हणाले. "डोकामा काहीच ऱ्हात नही."

मी आबांच्या समोर बसले. बसमध्ये जपून आणलेले दोन शब्द म्हटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गॅस... बंद."

मीही मान खाली घातली. समजलं नाही, असंच मला वाटलं.

दिवस पार पडेपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण आबांजवळ बसायचा आणि आपापल्या परीने बोलायचा. लांबलचक वाक्यं, नशीब, देवाची मर्जी. आबा त्यांच्याकडे पाहत राहायचे. लोक उठताना एकमेकांना म्हणायचे, बरं आहे, त्यांना तरी कळत नाही. तेराव्यानंतर घर रिकामं झालं. मी रजा वाढवून राहिले. काका जाताना म्हणाले, आता सांगत बसू नको, कळत नाही तेच बरं. मला ते पटलं नाही. पन्नास वर्षांचा संसार केलेल्या माणसाला आपली बायको गेल्याचं माहीत नसावं, हे मला अन्यायाचं वाटलं. ते रोज तिची वाट पाहत असतील, या विचाराने मला झोप लागत नसे. निरोप पोचवायचा राहिला होता, आणि तो पोचवणारी मी होते.

म्हणून मी रोज सकाळी सांगू लागले. चहाच्या आधी, डोकं ताजं असताना. समोर बसायचं, त्यांचा हात हातात घ्यायचा, दोन शब्द म्हणायचे आणि म्हणायचं, "आबा, परत म्हणा."

ते काय म्हणतात, ते मी डायरीत लिहीत गेले. पहिल्या दिवशी म्हणाले, "घर... सुनं." दुसऱ्या दिवशी, "भाकर... कोन करी?" तिसऱ्या दिवशी काहीच बोलले नाहीत. मग एकदा, "येत नही." एकदा नुसतंच, "पाटा." तो आईचा मसाला वाटायचा पाटा, कोपऱ्यात उभा करून ठेवलेला होता. प्रत्येक नोंदीपुढे मी लिहिलं: म्हणता आलं नाही. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सांगितलं. ते परत म्हणतील तेव्हाच पोचलं असं मला धरायचं होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं.

काही सकाळी ते माझ्या आधी उठून ओट्यावर जाऊन बसायचे. चहा घ्यायला आत येत नसत. मी चहा घेऊन बाहेर जायचे आणि तिथे सांगायचे. ते का टाळतात, हा प्रश्न मला पडला नाही. सुधारणा नाही, एवढंच मी लिहिलं.

असं सव्वा महिना चाललं.

ज्या दिवशी ते थांबलं, त्या सकाळी मी नेहमीसारखा हात हातात घेतला. मी तोंड उघडायच्या आत आबांनी आपला हात सोडवला आणि माझ्या ओठांवर ठेवला. तो त्यांचा डावा हात होता, चांगला. मग ते बोलले. एकेक तुकडा, मध्ये बराच वेळ.

"माले... माहीत शे."

त्यांचा हात अजून माझ्या ओठांवर होता.

"घडीघडी... नको सांगू."

पुढे ते आणखी काहीतरी शोधत होते. कपाळावर घाम आला होता. शेवटी म्हणाले, "रोज... मरस ती."

ती रोज मरते. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहिले. चहा केला. दोघांनी तो घेतला.

दुपारी डायरी काढून पुन्हा वाचली. घर सुनं. भाकर कोण करील. येत नाही. पाटा. एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. मी माझेच शब्द परत मिळायची वाट पाहत होते, आणि ते रोज मला त्या शब्दांचा अर्थ परत देत होते. थेरपीच्या बाईंनी हेच सांगितलं होतं, माझ्याच अक्षरात ते चार पानं आधी लिहिलेलं होतं. आईने ते तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

संध्याकाळी मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्या गुरुवारी सगळ्यात आधी घरात त्याच आल्या होत्या. आल्यावर गॅस कोणी बंद केला, असं मी त्यांना विचारलं. त्या जरा विचारात पडल्या. म्हणाल्या, गॅस बंदच होता. तवा गरम होता आणि त्याच्यावर भाकर होती, एका बाजूने भाजलेली. तुमचे आबा फाटकाची कडी वाजवत होते म्हणून मी आले. ते हल्ली कशालाही कडी वाजवायचे, म्हणून आधी मी हातातलं काम संपवलं. हे सांगताना त्या रडू लागल्या. मी त्यांना म्हटलं, काकू, त्याने काही फरक पडला नसता. डॉक्टरांनी मला तसं सांगितलं होतं आणि ते खरं होतं.

म्हणजे आबा आत गेले होते. त्यांनी तिला पाहिलं. डाव्या हाताने गॅस बंद केला. काठी टेकत बाहेर आले, कडी वाजवली, आणि कोणी येईपर्यंत ओट्यावर बसले. काकांनी आणि मी जेव्हा त्यांना सांगितलं, तेव्हा "गॅस... बंद" म्हणून ते आम्हालाच सांगत होते. ते आम्ही कोणी परत म्हटलं नाही.

यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते. आईचा शेवटचा फोन बुधवारी संध्याकाळी आला होता. ती काय बोलली ते मला माहीत आहे. रविवारी येताना भरताची वांगी आण, आबांची काठी खालून झिजली आहे, तिला नवं रबर बघ, आणि तू फार बारीक झालीस. पण तिचे शब्द मला आठवत नाहीत. एकही वाक्य तिने म्हटलं तसं मला परत म्हणता येणार नाही. माझे कान ठीक आहेत, मेंदूला काही झालेलं नाही, आणि तरी त्या फोनमधून माझ्याजवळ राहिलं ते एवढंच: वांगी, काठी, माझी काळजी. आबांपाशी याहून कमी राहिलं असेल असं मला आता वाटत नाही.

त्या सव्वा महिन्याबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. मागायची तर वाक्य लांब होतं, आणि दोन शब्दांत बसेल असं मला अजून सापडलेलं नाही. एकदा मी नुसतं "आबा, चुकलं," असं म्हटलं. ते म्हणाले, "चहा." ते उत्तर होतं की चहा हवा होता, मी विचारलं नाही. चहा केला.

धुळ्याचं घर बंद केलं आहे. आबा माझ्याकडे जळगावला असतात. काठीला नवं रबर बसवलं. मी दोन शब्द बोलते आणि कामाला लागते. परत म्हणायला सांगत नाही. आईचं नाव आम्ही काढत नाही, आणि तिचा पाटा स्वयंपाकघरात आहे. घरात आता आम्ही दोघं आहोत.